एक टेबल, एक स्क्रीन: ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा पीसी

इंदूरच्या जेल रोडवर किंवा आरएनटी मार्गावरच्या दुकानांत जाऊन ‘दोन कम्प्युटर, एक मॉनिटर’ एवढंच सांगितलंत, तर हातात एचडीएमआयचं केव्हीएम स्विच पडेल, म्हणजे एकच कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर बटणाने दोन मशीनमध्ये फिरवणारी डबी. ‘सब चलेगा भिया’ हेही ऐकायला मिळेल. चालतं, पण स्वस्तातली बरीच स्विचं एचडीएमआय १.४ ची असतात. फोर-के मॉनिटरवर ती ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रंच देतात आणि माउस ओढल्यासारखा मागे रेंगाळतो. शिवाय बटण दाबलं की ज्या मशीनकडून स्क्रीन निघून जाते, त्याला मॉनिटर उपटल्यासारखंच वाटतं. परत याल तेव्हा सगळ्या विंडो विस्कटलेल्या. हे टाळणारी, म्हणजे मॉनिटरची ओळख धरून ठेवणारी केव्हीएम मिळतात, पण महाग.

मॉनिटरला एकाहून जास्त इनपुट असतील तर चित्रासाठी स्विच लागतच नाही. दोन्ही मशीन थेट मॉनिटरला जोडा आणि फक्त कीबोर्ड-माउससाठी साधं यूएसबी स्विच घ्या: दोन कम्प्युटर, चार उपकरणं, वर एक बटण. अदलाबदलीला दोन बटणं दाबावी लागतात, एक स्विचचं आणि एक मॉनिटरच्या इनपुटचं. त्रास तेवढाच. नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर आत केव्हीएम असलेला बघा. मग वेगळं स्विच नको, मेनूत कुठल्या इनपुटबरोबर कुठला यूएसबी जायचा ते एकदा ठरवून द्यायचं.

खरेदीआधी लॅपटॉपची पोर्टं बघा. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र निघत नाही. शेजारी थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखीच चित्राची जोडणी) डी-पी चिन्ह असेल तर निघतं. चिन्ह नसेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर ‘डिस्प्लेपोर्ट’ लिहिलंय का तपासा. केबलही तशी हवी: मोबाइल चार्जरबरोबरच्या टाइप-सी केबलमधून बहुतेक वेळा चार्जिंग आणि यूएसबी २.० एवढंच जातं, चित्र नाही.

जोडणीत पीसीची डिस्प्लेपोर्ट केबल ग्राफिक्स कार्डाला लावा. मदरबोर्डच्या पोर्टाला लावून ‘सिग्नल येत नाही’ म्हणणारे पुष्कळ. लॅपटॉप एचडीएमआयने किंवा टाइप-सीने दुसऱ्या इनपुटला. यूएसबी स्विचच्या दोन केबल दोन मशीनला, पीसीची मागच्या पोर्टात म्हणजे पुढे लोंबत नाही. मग दोन्हीकडे सेटिंगमध्ये रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट हातानेच नीट लावा. शेवटी मॉनिटरच्या मेनूतलं ‘ऑटो इनपुट’ बंद करा. नाहीतर पीसी झोपला की स्क्रीन आपोआप लॅपटॉपकडे उडी मारते, तीही घरच्या कामाच्या मध्येच.

मॉनिटर टाइप-सीवरून चार्जही करत असेल तर वॉट जुळवा. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा आणि मॉनिटर ६५ देत असेल तर दुसरी केबल नको. १३० वॉटच्या भारी लॅपटॉपला मात्र त्याचाच चार्जर लावा.

हेडसेट यूएसबी स्विचमध्ये घालू नका. मीटिंग चालू असताना घरच्या पीसीवर काही बघायला बटण दाबलंत की आवाज तुटणार. हेडसेट आणि कॅमेरा सरळ लॅपटॉपला लावा, मीटिंगा तिथेच होतात. स्विचवरचा भारही त्यामुळे हलका राहतो. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. दिव्यांचा कीबोर्ड आणि आणखी काही मिळून ते अपुरं पडलं की उपकरणं अधूनमधून गायब होतात. ५ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी भोक असलेलं स्विच त्यासाठी बरं.

वायरलेस माउस अडखळत असेल तर बॅटरी बदलण्याआधी डोंगल (त्याचा यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) कुठे आहे ते बघा. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि ही डोंगलं त्याच पट्ट्यात चालतात. अर्धा मीटरची यूएसबी २.० एक्स्टेन्शन लावून डोंगल टेबलावर पुढे आणा. ब्लूटूथ कीबोर्डची अडचण वेगळी: विंडोज सुरू होण्याआधी बिटलॉकरचा (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) पिन विचारला तर हा कीबोर्ड चालत नाही. तिथे वायरचा किंवा डोंगलवाला हवा.

लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर ‘डू नथिंग’ निवडा, पण फक्त ‘प्लग्ड इन’च्या खाली. बॅटरीवरही तेच ठेवलंत तर लॅपटॉप बॅगेत चालूच राहतो आणि तापतो. कंपनीने हे सेटिंग बंद केलेलं असू शकतं.

कंपनीच्या मशीनवर बऱ्याच ठिकाणी पेनड्राइव्ह बंद असतो, कीबोर्ड-माउस चालतो. डिस्प्लेलिंक डॉक (यूएसबीवरून मॉनिटर जोडणारी डबी) मात्र ड्रायव्हर मागतो आणि त्याला अॅडमिनचे अधिकार लागतात, म्हणून आधी आयटीला विचारा. नेटवर्कवरून एकच माउस दोन्हीकडे फिरवणारी सॉफ्टवेअरं कामाच्या लॅपटॉपवर टाकू नका. क्लिपबोर्डही त्यांच्यातून ये-जा करतो. स्विचच्या रिकाम्या पोर्टात घरची हार्डडिस्क लावू नका, बटण दाबलं की तीही ऑफिसच्या मशीनला जाऊन चिकटते.

वीज. मे-जूनच्या वादळी संध्याकाळी लाइट गेली तर लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, पण मॉनिटर आणि राउटर मरतात. यूपीएसवर आधी ही दोन लावा, मॉनिटर लॅपटॉपला चार्ज करत नसेल तर दोन्ही मिळून साधारण चाळीस-पन्नास वॉट. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी गेम चालवताना एकटाच त्याच्या जवळ जाऊ शकतो, म्हणून लाइट गेली की तो लगेच नीट बंद करा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नको.

सगळं जोडल्यावर पीसीच्या पत्र्याला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावताना झिणझिण्या आल्या, किंवा स्पीकर गुणगुणू लागले, तर केबल बदलत बसू नका. जुन्या वायरिंगच्या घरांत तिसरी पिन कधी कधी नुसती शोभेला असते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि तोवर पीसी त्या सॉकेटवर लावू नका.