राडलर घरी बनवताय? या चुका टाळा

गेल्या जुलैत पुण्याहून माझा मावसभाऊ म्युनिकला आला होता. बाहेर ३३ अंश, आणि इथल्या बहुतेक घरांसारखाच आमच्याही घरात एसी नाही. "ते तुमचं सायकलवाल्यांचं पेय पाज बघू," दादा म्हणाला. मी फ्रीजमधून वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर काढली, अर्धा ग्लास भरला आणि वरून धबाधबा लिंबाचं लिमो ओतलं. दूध उतू जावं तसा फेस वर आला. ग्लासातून टेबलावर, टेबलावरून दादाच्या पँटवर. शेजारच्या बाल्कनीतल्या आजी हे सगळं बघत होत्या. त्या चारच शब्द बोलल्या, "एर्स्ट लिमो, डान बिअर." आधी लिमो, मग बिअर.

'राडलर' म्हणजे जर्मनमध्ये सायकलस्वार. अर्धी बिअर आणि अर्धं लिंबाचं गोड, फसफसणारं लिमो, एवढंच ते पेय. म्युनिकजवळच्या डायझनहोफेनला कुगलर आल्म नावाचं बिअर गार्डन आहे. १९२२ च्या जूनमध्ये तिथे म्हणे १३ हजार सायकलस्वार येऊन थडकले, बिअर पुरेना, म्हणून मालक फ्रान्झ झावर कुगलरने तिच्यात लिमो मिसळून वेळ मारून नेली. गोष्ट झकास आहे, पण 'राडलरमास' (लिटरभर राडलर) हा शब्द १९१२ साली छापलेल्या एका आत्मचरित्रात आधीच सापडतो. तेव्हा कुगलरने पेय शोधलं नसावं, त्याला चांगली जाहिरात मात्र मिळवून दिली.

पेय इतकं साधं, तरी घरी ते बिघडतंच.

लिमो म्हणजे सोडा नव्हे, सरबतही नव्हे

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपण 'सोडा' म्हणतो तो साधा, बिनसाखरेचा. कुणी 'बिअर आणि सोडा' एवढंच वाचून दुकानातला साधा सोडा मिसळतं आणि मग 'पांचट लागतं' अशी तक्रार करतं. (तसं मिश्रणही इथे मिळतं. बिअर आणि फसफसतं पाणी. त्याला आंबट राडलर म्हणतात, पण ते मुद्दाम मागून घ्यायचं.) उलट काहीजण 'लेमोनेड' वाचून घरी लिंबू सरबत करतात. त्यात गॅस नसतो, त्यामुळे बिअरचा निम्मा गॅस जातो आणि हातात येतं बिअरचा वास असलेलं सरबत. चाट मसाला किंवा काळं मीठ घालायचा मोह तर हमखास होतो. मिठाचे कण बिअरमध्ये पडले की त्या कणांभोवती गॅसचे बुडबुडे धरतात आणि पुन्हा उतू जाणं सुरू. शिवाय हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा आणि काळं मीठ यांचं माझ्या जिभेवर तरी कधी जमलं नाही.

हवं ते लिंबाच्या चवीचं गोड, गॅसवालं पेय, जे आपल्याकडे कुठल्याही टपरीवर मिळतं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, दुकानात 'पांढरं लिमो' मागा. 'पिवळं' म्हणालात तर संत्र्याचं मिळेल.

ओतण्याचा क्रम

आजी बरोबर होत्या, आणि त्यामागचं कारणही सोपं आहे. बिअरचा फेस टिकतो तो तिच्यातल्या प्रथिनांमुळे आणि हॉप्समुळे. लिमोचे बुडबुडे वर येतात आणि लगेच फुटतात, त्यांना धरून ठेवणारं काही नसतं. भरल्या बिअरवर लिमो ओतलं की सगळी बिअर ढवळली जाते आणि प्रत्येक बुडबुड्याचा टिकाऊ फेस होतो. वाइसबिअरमध्ये गॅस नेहमीच्या फिक्या बिअरपेक्षा जास्त, म्हणून दादाच्या पँटची ती गत झाली.

अर्ध्या लिटरच्या ग्लासात आधी २५० मिली लिमो घ्या. सुरसुर शांत होऊ द्या. मग ग्लास तिरका धरून बिअर कडेने, संथ धारेने सोडा. साखरेमुळे लिमो जड असतं आणि तळाशी बसू पाहतं, म्हणून शेवटचा घोटभर भाग ग्लास सरळ करून मधोमध, जरा उंचावरून ओता. तेवढ्याने मिसळतं आणि वर दोन बोटं फेसही येतो. चमचा घालू नका. चमच्याने गॅस तेवढा जातो.

फेस येऊन लगेच बसला तर बिअरला दोष देण्याआधी ग्लास बघा. भांड्यांच्या साबणाचा अंश किंवा तेलाचा पुसट हात असेल तर फेस टिकत नाही. ओठांचंही तेच. चकली खाता खाता प्यायलात तर ओठ टेकतात तिथे फेस विरताना डोळ्यांना दिसतो. ग्लास भरपूर पाण्याने विसळा, फडक्याने न पुसता उपडा निथळू द्या.

एक गार, एक कोमट

बिअर ६ अंशांवर आणि लिमो ओट्यावरचं २८ अंशांचं, असं मिसळलं तर ग्लासात १७ अंशांचं काहीतरी तयार होतं. कोमट द्रवात गॅस ठरत नाही, म्हणून फेसही जास्त. दोन्ही बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये टाका. बर्फ हा त्यावर उपाय नाही, तो फेस उठवतो आणि वितळून पेय पातळ करतो. घाईत फ्रीजरमध्ये ठेवलीत तर गजर लावा, विसरलेली बाटली फुटते.

कुठली बिअर

इथे हेलेस किंवा पिल्स या फिक्या बिअर वापरतात, साधारण ५ टक्के अल्कोहोलच्या. अर्धी घातली की अडीच टक्के उरतात. आपल्याकडची 'स्ट्राँग' बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. ती निम्मी घातली तरी ४ टक्के, म्हणजे जवळजवळ अख्खी बिअर झाली, आणि ती तुम्ही सरबतासारखी गटागट पिणार. लिमो वाढवून अडीच टक्क्यांवर आणायचं तर एका भागाला दोन भागांहून जास्त लिमो लागेल, मग बिअर नावापुरतीच उरते. माइल्डच घ्या.

फार गोड झालं? लिंबाचे चार थेंब किंवा थोडं गॅसवालं पाणी घाला. फार कडू झालं? पुढच्या वेळी बिअर बदला, लिमो वाढवू नका. डाएट लिमो मी एकदाच वापरलं. त्याचा गोडवा कडवटपणाच्या मागे जिभेवर रेंगाळत राहतो, मला नाही आवडलं. पण 'राडलर हलकं असतं' या समजुतीने वजनाचा हिशेब करत असाल तर थांबा. अल्कोहोल निम्मं होतं खरं, पण त्याची जागा साखर घेते. अर्धा लिटर राडलर आणि अर्धा लिटर बिअर, कॅलरी जवळपास सारख्याच.

पार्टीसाठी मोठा जग भरून आधीच मिसळून ठेवू नका, पाहुणे येईतो गॅस उडून जातो. आणि मिसळलेलं उरलं म्हणून बाटलीत भरून घट्ट झाकण तर मुळीच लावू नका. न गाळलेल्या वाइसबिअरमध्ये जिवंत यीस्ट असू शकतं, त्याला लिमोची साखर मिळाली की आंबणं सुरू होतं आणि दाबाने बाटली फुटू शकते.

बाहेर मागवताना

हॅम्बुर्गकडे यालाच आल्स्टरवासर म्हणतात, तिथल्या आल्स्टर नदीवरून. वाइसबिअरचं केलं तर बव्हेरियात तो 'रुस'. बर्लिनची हिरवी वाइसे, म्हणजे तिथली आंबट गव्हाची बिअर, पुदिन्याची समजून मागवू नका, ते वाल्डमाइस्टर नावाच्या रानातल्या वनस्पतीचं गोड सिरप असतं. आणि बव्हेरियन बिअर गार्डनमध्ये 'राडलरमास' म्हणालात तर समोर एक लिटरचा मग येईल.

तो एक लिटर म्हणजे अर्धा लिटर बिअर, हे सायकलवरही लक्षात असू द्या. जर्मनीत गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, नवशिक्यांना आणि २१ वर्षांखालच्यांना शून्य. सायकलवर १.६ ला गुन्हा होतोच, पण झोकांड्या खात चालवलीत किंवा अपघात केलात तर ०.३ लाही अडकू शकता. भारतात गाडीसाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.३ प्रति हजार, इथल्यापेक्षा कडक.

दादा पुण्याला परतल्यावर त्याचा फोटो आला. हातात 'रॅडलर' लिहिलेली बाटली, खाली तक्रार, "दोन संपवल्या, काहीच होत नाही." मी लेबल मोठं करून बघितलं. बिनअल्कोहोलचं मॉल्ट पेय होतं.