गालिचा धुण्याचं छोटं मशीन घ्यायचंय? आधी घरचा कुलर बघा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर भरतं, आणि कोणाच्या तरी हातून शेवभाजीची वाटी हॉलमधल्या गालिच्यावर पालथी होते. आमच्याकडे झाली. दुसऱ्या दिवशी घरात एकच विषय: ते हातात उचलून नेता येणारं कार्पेट क्लिनिंग मशीन घेऊन टाकू. आम्ही घेतलं. आज पुन्हा घ्यायचं झालं तर काय काय बघून घेईन, ते इथे क्रमाने सांगते.

पहिलं काम घरी: काय धुवायचं ते मोजा

या मशीनला दोन टाक्या असतात. एकीतून साबणाचं पाणी गालिच्यावर फवारलं जातं, ब्रशने घासायचं, आणि मग तेच मळकं पाणी मशीन दुसऱ्या टाकीत ओढून घेतं. हा व्हॅक्यूम क्लीनर नाही आणि खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, बहुतेक छोट्या मशीनमधून वाफही येत नाही. गरम पाणी आपणच भरायचं, तेही कंपनीने सांगितलं असेल तेवढंच गरम.

आता टेप घ्या. छोट्या मशीनचं तोंड साधारण चार इंच रुंद असतं, पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात म्हणून तीन इंच धरा. दहा बाय बाराच्या गालिच्यावर असे चाळीस पट्टे होतात, प्रत्येक बारा फुटांचा. एकदा फवारत आणि दोनदा नुसतं ओढत, म्हणजे तीन फेऱ्या. गुणाकार केला तर 1,440 फूट, जवळजवळ 440 मीटर, आणि तेही गुडघ्यांवर बसून. म्हणून अख्खा हॉल धुवायचा असेल तर वर्षातून एकदा धुणाऱ्या माणसाला बोलावणं परवडतं. छोटं मशीन सांडलेल्या डागांसाठी, सोफ्याच्या बैठकीसाठी, गाडीच्या सीटसाठी आणि लहान लेकराच्या गादीसाठी. सुती सतरंजी आणि जाजम यांना तर ते लागतच नाही. ओट्यावर पसरा, ब्रशने धुवा, गच्चीवर टाका.

लोकरीचा किंवा हाताने विणलेला गालिचा असेल तर कोपऱ्यावर थोडं पाणी लावून पांढरा रुमाल दाबून बघा. रुमालावर रंग उतरला तर मशीनचा नादच सोडा.

दुकानात: वॅट विचारू नका, पाणी ओढून दाखवायला सांगा

दुकानदार पहिलं वाक्य म्हणतो, "वहिनी, सोळाशे वॅट आहे!" वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. ते पाणी किती ओढतं, हे त्यावरून कळत नाही. आणि सगळा खेळ ओढण्याचाच आहे. गालिच्याच्या मुळाशी पाणी उरलं की ते वाळताना खालचा मळ धाग्याच्या टोकापर्यंत वर आणतं. काल गेलेला डाग आज परत दिसतो तो असा. आपल्याला वाटतं मशीन बोगस. खरं तर पाणी उरलेलं असतं.

म्हणून घरचं एक जाड पायपुसणं पिशवीत टाकून न्या. त्यावर अर्धा कप पाणी ओतायला सांगा, मशीनने ओढून घ्यायला सांगा, मग त्यावर कोरडा नॅपकिन ठेवून तळव्याने दाबा. नॅपकिन नुसता दमट झाला तर ठीक, चिंब झाला तर पुढचं मशीन बघा. ऑनलाइन घेणार असाल तर हीच परीक्षा पहिल्याच दिवशी घरी घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत.

तिथेच मळक्या पाण्याची टाकी काढून आत हात घालून बघा. आपल्याकडची काळी माती साधी नाही. पाणी लागलं की फुगते, चिकटते आणि वाळली की ढेकूळ. हात आत जात नसेल तर तळाशी बसलेला गाळ निघत नाही आणि दोन दिवसांत वास सुटतो. नळी पारदर्शक असली तर आत काय अडकलंय ते दिसतं.

मी केलेली चूक याच मातीची. पावसाळ्यात शेतातून आलेल्या चपलांची माती गालिच्यावर वाळलेली होती, मी सरळ त्यावर पाणी फवारलं. डाग राहिला बाजूला, चिखलाचा लेपच झाला. आधी कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम, नीट, दोनदा, मगच पाणी. आणि मळकं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबेल. अंगणात ओता.

पाणी

आपल्या बोअरचं पाणी कसं आहे हे कळायला तपासणी नको. उन्हाळ्याच्या शेवटी कुलरच्या पॅडवर बसलेला पांढरा थर बघा. तोच क्षार मशीनच्या बारीक नोझलमध्ये बसतो आणि फवारा वाकडा होत होत एक दिवस बंद पडतो. शक्यतो पिण्याचं गोडं पाणी भरा; दीड लिटरचा तर प्रश्न आहे. आरओचं वाया जाणारं पाणी आपण लादी पुसायला साठवतो, ते मात्र यात चुकूनही नको. त्यात क्षार आणखी जास्त असतात. काम झालं की शेवटी नुसतं साधं पाणी फवारून नळी आणि नोझल धुवा. नोझल हाताने काढता येतं का, हेही घेतानाच बघा.

वीज

घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर 230 व्होल्टला जास्तीत जास्त 1,380 वॅट चालतात. त्याहून मोठं मशीन सोळा अँपिअरच्या प्लगवरच लावा, म्हणजे गिझर किंवा एसीच्या. तो प्लग हॉलमध्ये आहे का? नसेल तर वायर किती लांब आहे ते विचारा, कारण बारीक एक्स्टेंशन तापतं. लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा प्रयत्न करू नका.

अमेरिकेतला भाचा येताना घेऊन येतो म्हणत असेल तर त्याला प्रेमाने नको म्हणा. तिथलं मशीन 120 व्होल्टचं. आपल्या प्लगला लावलं की जळालंच. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तेवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड भरतो.

साबण आणि हळद

कपड्यांची पावडर टाकीत घालू नका. फेस टाकीतून मोटरपर्यंत जाऊ शकतो, आणि गालिच्यात उरलेला साबण नंतर धूळ धरून ठेवतो. कमी फेसाचं, कार्पेटसाठीचं द्रावण घ्या. ते आपल्या गावात मिळतं का, की दर वेळी मागवावं लागतं, हे मशीन घ्यायच्या आधी विचारा. तसंच दुरुस्तीचं. सर्व्हिस सेंटर जळगावात की थेट नाशिक-पुण्यात?

शेवभाजीच्या डागाची गोष्ट वेगळी आहे. आधी तेल: टाल्कम पावडर दाबून ठेवा, तासाभराने झाडून काढा. मग हळद. जहाल साबण लागला की पिवळा डाग लालभडक होतो. घाबरू नका, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार. साध्या पाण्याने तो साबण ओढून काढा आणि गालिच्याचा तेवढा भाग उन्हात धरा. राहिलेला पिवळेपणा बराचसा ऊन खातं. गडद रंगाचा गालिचा मात्र उन्हात फार वेळ ठेवू नका, त्याचाही रंग उडेल.

केळीच्या चिकाचा जुना काळपट डाग कोणत्याच मशीनने जात नाही. रावेर-यावलकडच्या माणसाला हे सांगायला नकोच.

वाळवताना खिडक्या उघडा, पंखा लावा आणि कुलर बंद ठेवा. कुलर हवेत दमटपणा सोडतो, मग मे महिन्यातही गालिचा संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो. तेवढे चार तास घरातल्यांना पंख्यावर बसवायचं कसं, ते तुमचं तुम्ही बघा.