कलाकृतीजवळ थांबण्याचा सराव कसा करावा

कला माणसाला संवेदनशील करते, असे इतक्या वेळा म्हटले जाते की ते आपोआप घडत असावे असा आपला समज होतो. प्रत्यक्षात शेकडो कादंबऱ्या वाचूनही समोरच्याचे दुःख न ओळखणारे वाचक असतातच. फरक पडतो तो कलाकृतीजवळ आपण किती आणि कसे थांबतो याने, आणि असे थांबणे सरावाने जमते.

सुरुवात चित्रापासून करावी, कारण चित्र एका नजरेत पाहून झाले असे वाटते आणि तिथेच आपली फसगत होते. सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार ब्रुगेल याच्या नावाने ओळखले जाणारे इकॅरसच्या पतनाचे चित्र ब्रसेल्समध्ये आहे. (ते त्याच्या हातचे नसून हरवलेल्या मूळ चित्राची प्रत असावी, असे अनेक अभ्यासक मानतात, आपल्या कामात त्याने काही बिघडत नाही.) मेणाने जोडलेले पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेलेला आणि मेण वितळल्यामुळे समुद्रात कोसळलेला मुलगा, ही ग्रीक पुराणकथा. चित्रात मात्र प्रथम डोळ्यांत भरतो तो नांगरट करणारा शेतकरी, मग वर पाहणारा मेंढपाळ, शिडाचे जहाज, आणि फार उशिरा, उजव्या कोपऱ्याजवळ पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय. शीर्षक आधी वाचले तर आपण थेट पाय शोधतो आणि ते सापडताच पुढच्या चित्राकडे वळतो. म्हणून कोणतेही अनोळखी चित्र पाहताना शीर्षक झाकावे, दहा मिनिटे लावून बसावे आणि वहीत आधी फक्त ‘काय दिसते’ ते लिहावे. ‘काय वाटते’ ते नंतर. हे चित्र अशा रीतीने पाहणाऱ्याला एक गोष्ट अस्वस्थ करते: शेतकऱ्याचे त्या मुलाकडे लक्ष नाही हे खरे, पण पहिली काही मिनिटे आपलेही नव्हते. त्यानंतर शेतकऱ्याला निर्दय ठरवणे तितके सोपे राहत नाही.

कथेच्या बाबतीत पहिले वाचन काय घडले हे कळण्यापुरते असते, ते वेगाने झाले तरी चालते. खरे काम दुसऱ्या वाचनाचे. त्या वेळी एखादे दुय्यम पात्र निवडून तीच घटना त्याच्या तोंडून अर्ध्या पानात लिहून काढावी, मात्र त्या पात्राला जे ठाऊक असणे शक्य नाही ते त्यात येऊ देऊ नये. ही अट जाचक आहे, परंतु दुसऱ्या माणसाला जग किती मर्यादित आणि तरीही किती पूर्ण दिसते, हे त्या अटीमुळेच कळते. जपानी लेखक अकुतागावा याच्या १९२२ सालच्या एका कथेत एका सामुराईच्या मृत्यूबद्दल सात जबान्या आहेत (दिग्दर्शक कुरोसावाचा १९५० सालचा चित्रपट ‘राशोमोन’ मुख्यतः तिच्यावर आधारलेला). दरोडेखोर म्हणतो मी मारले, पत्नी म्हणते मी मारले, आणि अंगात आत्मा येणाऱ्या एका बाईच्या तोंडून बोलणारा मृत पती म्हणतो मी स्वतःच जीव दिला. तिघेही दोष झटकण्याऐवजी तो स्वतःकडे ओढून घेतात! इथे खोटे कोण बोलतो हे शोधत बसल्यास कथा हातची जाते. प्रत्येक जण स्वतःची कोणती प्रतिमा वाचवू पाहतो, हे विचारावे.

मन हेलावले की ‘हे तर अगदी माझेच’ असे आपण म्हणतो आणि कथा सोडून स्वतःच्या आठवणींत शिरतो. काश्मीरचा प्राचीन काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्त याने रसास्वादातील, म्हणजे कलेचा आनंद घेण्यातील, सात विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासले जाणे हे एक आहे. यावर उपाय साधा आहे: पात्राची परिस्थिती आपल्यापेक्षा कुठे वेगळी आहे, असे तीन मुद्दे लिहावेत. साम्य मागाहून मोजावे.

साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचल्यावर दुसऱ्याच्या भावना ओळखण्याची क्षमता वाढते, असा निष्कर्ष २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग केला तेव्हा तो परिणाम आढळला नाही. एका उताऱ्याकडून एवढी अपेक्षा ठेवणेच मला घाईचे वाटते. वर्षाला पन्नास पुस्तकांऐवजी पाच पुस्तके दोनदा वाचावीत.

हा सराव जिवंत माणसांकडे नेताना एक फरक ध्यानात ठेवावा. पात्राच्या मनात काय चालले आहे ते लेखक आपल्याला सांगू शकतो, समोरच्या माणसाबाबत ती सोय नसते. त्यामुळे त्याच्या मनाचा अंदाज बांधण्यापेक्षा त्यालाच विचारणे बरे. कोणी आपली हकिगत सांगू लागले की तिचा शेवट आपण सुचवू नये, आपला तसाच अनुभव मध्ये आणू नये, आणि सांगणारा थांबला तर थोडा वेळ गप्प राहून एवढेच म्हणावे, “मग पुढे काय झालं?”