सीआरपीतली शेतजमीन घेताना: मिडवेस्टात नव्याने आलेल्यांसाठी

आयोवा किंवा नेब्रास्कात जमीन बघताना विक्रेता सांगतो, "यातले बारा एकर सीआरपीत आहेत, दरवर्षी चेक येतो." चेक येतो हे खरे, पण त्यासोबत बंधनही येते. ते सही करण्याआधी समजून घ्या.

सीआरपी म्हणजे कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, १९८५च्या फार्म बिलातून आलेली योजना. धूप होणारी किंवा ओढ्याकाठची जमीन १० ते १५ वर्षे पिकाखालून काढायची, तिथे गवत किंवा झाडे राखायची. बदल्यात केंद्र सरकार एकरी भाडे देते, साधारण ऑक्टोबरात. एका व्यक्तीला वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर.

आधी व्हिसा तपासा. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल, तर पैसे मिळण्यासाठी जमीन, भांडवल आणि शेतावर स्वतःचे भरीव श्रम, तिन्ही द्यावे लागतात. एच-वन-बीवर हे जमणे फार अवघड. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून सुटका होत नाही. परदेशी वाटा १० टक्क्यांहून जास्त असला की तीही अडकते. शिवाय १९७८च्या कायद्यानुसार परदेशी खरेदीदाराला सहसा ९० दिवसांत एफएसएकडे (फार्म सर्व्हिस एजन्सी, ही योजना राबवणारी केंद्र सरकारची संस्था) एफएसए-१५३ फॉर्म भरावा लागतो. चुकल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो. आयोवात तर अशा व्यक्तीच्या खरेदीवरच राज्याची बंधने आहेत, म्हणून वकील आधी गाठा.

खरेदीखत कौंटी रेकॉर्डरकडे नोंदले म्हणजे काम संपले असे नाही. आपल्याकडे फेरफार वेगळा करावा लागतो, तसे इथे नोंदलेले खरेदीखत घेऊन एफएसएच्या कौंटी कार्यालयात जा आणि फार्म नंबर, ट्रॅक्ट नंबर (एफएसएने शेताला आणि त्यातल्या तुकड्याला दिलेले क्रमांक) आपल्या नावे करून घ्या. सीसीसी-९०२ (शेत कोण, कसे चालवतो याचा), सीसीसी-९४१ (उत्पन्नाचा) आणि एडी-१०२६ (धूप व पाणथळ जमिनीचा) हे फॉर्म तिथेच भरून होतात. चालू करार पुढे न्यायचा असेल तर साठ दिवसांत सही करा. नाही केलीत तर करार मोडतो आणि आधीच्या मालकाला पैसे परत करावे लागतात; खरेदीच्या कागदात तसे कलम असेल तर तो ते तुमच्याकडून वसूल करतो.

नव्याने जमीन घालायची असेल, तर ती सहसा किमान बारा महिने तुमच्या ताब्यात हवी आणि २०१२ ते २०१७ या सहांपैकी चार वर्षे तिथे पीक असायला हवे. जनरल साइनअपमध्ये, म्हणजे ठरावीक काळात उघडणाऱ्या नोंदणीत, गुणांवर स्पर्धा असते. ओढ्याकाठची फिल्टर पट्टी (गाळ अडवणारा गवताचा पट्टा) किंवा गवताळ जलमार्ग यांसाठी कंटिन्युअस साइनअप, म्हणजे सतत चालणारी नोंदणी आहे, त्यात स्पर्धा नाही. छोट्या जमिनीला हाच मार्ग सोयीचा. लागवडीच्या मान्य खर्चातला निम्म्यापर्यंत भाग मिळतो, पण मंजुरीआधी एक पोते बी जरी टाकलेत तरी तो हातचा जाऊ शकतो. बियाण्याचे टॅग आणि बिले जपून ठेवा.

खरा त्रास लागवडीत आहे. इथल्या मूळच्या गवताचे बी पाव-अर्ध्या इंचाहून खोल गेले की नीट उगवत नाही आणि भुसभुशीत मातीत ते हमखास खोल जाते, म्हणून आधी जमीन घट्ट दाबून घ्या. पहिल्या वर्षी शेत तणाचेच दिसेल. गवत मुळे खाली धाडत असते, त्याला दोन-तीन वर्षे लागतात. घाबरून नांगरू नका. तण बी धरण्याआधी उंचावरून छाटायचे असते, आणि ही छाटणी करारासोबतच्या संवर्धन आराखड्यात लिहून घ्या. कारण आयोवात १५ मे ते १ ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, त्यात परवानगीशिवाय कापणी चालत नाही. शेत नीटनेटके दिसावे म्हणून केलेली कापणी तर कधीच चालत नाही. लॉनची सवय असलेले लोक इथेच अडकतात. परवानगीशिवाय चारा कापणे किंवा गुरे सोडणे हेही उल्लंघनच.

वर्ष संपल्यावर १०९९-जी (सरकारकडून मिळालेल्या पैशांचा कराचा फॉर्म) येतो. या भाड्यावर स्वयंरोजगार कर लागतो की नाही, हे तुम्ही शेती करता की नाही यावर वाद घालण्यासारखे आहे. शेतीची रिटर्न्स भरणारा सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखा) शोधा.

करार मध्येच मोडला तर आजवरचे सगळे पैसे व्याजासह परत करावे लागतात, वर एका वर्षाच्या भाड्याच्या २५ टक्के भरपाई. म्हणून घर, विहीर, गाडीरस्ता किंवा सोलर पॅनेल यांची जागा सही करण्याआधीच एफएसएच्या नकाशावर आखून करारातून वगळून घ्या.