बेळगावच्या कारखान्यांतल्या मिटिंगा: या चुका टाळा

एका ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नच्या, म्हणजे ज्यावरून साचा तयार होतो त्या नमुन्याच्या, दुरुस्तीवर मिटिंग होती. आम्ही सातजण होतो. मशिनिंगला, म्हणजे मशीनवर कातून काढायला, माल कमी पडतोय, तिथे ३ मिमीऐवजी ५ मिमी ठेवा, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं. साहेबांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि पाच मिनिटांत गाडी मराठीवर आली, कारण सातातले पाचजण मराठी. मोल्डिंगचे, म्हणजे साचे करण्याच्या खात्याचे, फोरमन बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे. बाजारहाटापुरतं मराठी त्यांना येतं, पण "तो असू दे, हा आला की घ्या" असली अर्धी वाक्यं भरभर बोलली की हातातून निसटतात. शेवटी साहेबांनी विचारलं, "कळलं की नाही?" फोरमन म्हणाले, "आयत्रि."

दुसऱ्या दिवशी जुन्याच पॅटर्नवर साचे झाले, ओतलेही गेले. ते सगळं कास्टिंग परत भट्टीत गेलं आणि ठपका फोरमनवर आला. मी त्या मिटिंगमध्ये बसलेलो होतो. चूक आम्हा पाच मराठी माणसांची होती, हे मी तेव्हा बोललो नाही. आज लिहितोय.

"आयत्रि" म्हणजे कबुली नव्हे

"आयत्रि" म्हणजे "बरं". ऐकलं, मान दिला, एवढाच त्याचा अर्थ. काम समजलं आणि उद्या होणार, असं त्यात काही नसतं. आपलं "हो हो, बघतो की" तसंच. मिटिंगमध्ये "कळलं का?" विचारण्यात अर्थ नाही, कारण चारचौघांत कुणी "नाही" म्हणत नाही. त्याऐवजी ज्याच्या हातून काम होणार आहे त्यालाच ते सांगायला लावा: यारु, यावाग, एष्टु? कोण करणार, कधी, किती? त्याने ते त्याच्या भाषेत सांगावं. कन्नडमध्ये सांगितलं तर उत्तम, आपल्यातल्या बहुतेकांना तेवढं कन्नड कळतं. ज्याची भाषा खोलीत कमी बोलली जाते, त्याची पाळी पहिली ठेवा. तो शेवटी बोलला तर आधीच्याचीच री ओढतो.

हे उलट बाजूलाही लागू आहे. सरकारी कचेरीत किंवा बेंगळूरहून आलेल्या साहेबांपुढे आपली मराठी मुलं नुसती मान हलवत बसतात, न समजलेलं कागदावर उतरवून आणतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारतात. तिथेच म्हणा, "तिळिलिल्ल री, इन्नोम्मे हेळ्री." नाही समजलं, परत एकदा सांगा. मी हे म्हटल्यावर समोरचा रागावल्याचं मला आठवत नाही. उलट तो सावकाश बोलायला लागतो. ते शेवटचं "री" मात्र गाळू नका. आपल्या "अहो"इतकंच त्याचं वजन आहे.

भाषेचा वाद इथे १९५६ पासूनचा आहे. प्रत्येकाच्या घरात त्याची आठवण आहे, माझ्याही आहे. पण १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, जवळ आला की मिटिंगच्या टेबलावर एखादा टोमणा पडतो, चारजण हसतात आणि एकजण गप्प होतो. त्या गप्प झालेल्या माणसाकडून पुढचे कित्येक दिवस मोकळी माहिती येत नाही. मत ज्याचं त्याने जपावं, पण रिजेक्शनच्या, म्हणजे नापास झालेल्या मालाच्या, मिटिंगमध्ये ते आणू नये.

आकडा आधी, माणूस नंतर

रिजेक्शनच्या मिटिंगा सगळ्यात जास्त इथे बिघडतात. "हे कुणी केलं?" असा पहिला प्रश्न पडला की पुढचा तासभर हेल्परपासून सुपरवायझरपर्यंत सगळे स्वतःला वाचवत बसतात. सुरुवात आकड्यापासून करा. कुठली हीट (भट्टीतला कुठला ओत), किती नग, दोष कुठला, ब्लोहोल (हवेचं भोक) की वाळू? कारण सापडल्यावर माणसाशी बोलायचंच असेल तर केबिनमध्ये, एकट्याशी बोला. हाताखालच्या पोरांसमोर झापलेला फोरमन पुढच्या महिन्यात दोष दाखवत नाही. भोकात लांबी (पुटी) भरून माल पुढे जातो आणि तो दोष गिऱ्हाइकाच्या मशीनवर उघडा पडतो.

घरचा कारखाना असेल तर आणखी एक अडचण असते. खुर्चीत काका, शेजारी पुतण्या, आणि पुतण्याने नवीन मशीनचा विषय काढला की सगळा स्टाफ जमिनीकडे बघायला लागतो. काका-पुतण्यांनी हे आदल्या रात्री घरी जेवताना मिटवून यावं. स्टाफसमोर मोठ्यांचा मान आणि धाकट्याचा मुद्दा, दोन्ही राहिले पाहिजेत.

उशीर

"दुसऱ्या गेटला अडकलो" हे टिळकवाडीकडून येणाऱ्यांचं ठरलेलं कारण. पुष्कळदा ते खरंही असतं, रेल्वे कुणासाठी थांबत नाही. तरी मिटिंग वेळेवर सुरू करा. उशिरा आलेल्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगत बसलं, तर वेळेवर आलेल्यांनाच शिक्षा होते. त्याला नंतर दोन मिनिटांत सांगता येतं.

स्पीकरवरचं गिऱ्हाईक

पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर असतं आणि आपण टेबलाभोवती सहाजण. दोन चुका नेहमीच्या. खोलीत कोणकोण आहे हे त्याला सांगितलेलं नसतं. तो मोकळेपणाने दराचं बोलतो आणि मधेच तिसऱ्याच माणसाचा आवाज ऐकून दचकतो. दुसरी चूक जास्त वाईट: "त्याला कुठे कन्नड कळतंय" म्हणून त्याच्यादेखत आपसात कन्नडमध्ये तारखेची जुळवाजुळव करणं. शब्द कळले नाहीत तरी आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, हे माणसाला नक्की कळतं. आपसात बोलायचं असेल तर सरळ सांगा, "साहेब, दोन मिनिटं म्यूट करतो, ठरवून सांगतो."

लिहून ठेवणं

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालकांच्या बैठकीला २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे साधारणपणे ७ दिवस आधी नोटीस लागते आणि इतिवृत्त ३० दिवसांत नोंदवायचं असतं. कारखान्यातल्या रोजच्या मिटिंगला कुठला कायदा बांधलेला नाही, म्हणून तिथे कुणी काही लिहीतच नाही. माझं सांगणं एवढंच की त्याच दिवशी, पाळी सुटायच्या आत, तीन ओळी लिहा. पतसंस्थांच्या संचालकांना हात जोडून सांगणं: प्रोसिडिंग बुकच्या कोऱ्या पानावर "नंतर भरू" म्हणून सही करू नका. वर कोण काय लिहील ते तुमच्या हातात राहत नाही, सही मात्र तुमचीच राहते.

त्या पॅटर्नच्या प्रकारानंतर आम्ही मोल्डिंगजवळ एक फळा लावला. मिटिंग संपली की त्याच फोरमननी ठरलेलं काम आधी कन्नडमध्ये लिहायचं आणि त्याखाली आमच्यापैकी कुणीतरी मराठीत. पहिल्याच आठवड्यात वरच्या आणि खालच्या ओळीत नगांचा आकडा जुळला नाही. साचे भरायच्या आधी दोघे फळ्यापुढे उभे राहिले आणि मिटिंगमध्ये नेमकं काय ठरलं होतं, ते पुन्हा विचारायला साहेबांकडे गेले.