गाय भरवायच्या आधी व्हायरसचं बघून घ्या

गाय तीन-तीनदा उलटली, म्हणजे भरवूनही परत माजावर आली, की आपण आधी सिमेनला (वीर्याला) नावं ठेवतो नाहीतर भरवणाऱ्याला, पण सेक्स सिमेन (कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेलं वीर्य) आणि आयव्हीएफवर (लॅबमध्ये भ्रूण तयार करून गाईत ठेवण्यावर) एवढा पैसा घालतोय तर गोठ्यात व्हायरस आहे का तेही बघा ना, आणि हे माजाच्या दिवशी होत नाही, दोन-तीन महिने आधीच लागायचं.

सुरुवात वहीपासून. कुठली कधी भरवली, कधी उलटली, कधी गाभडली सगळं लिहा. २१ दिवसांनी न येता ३०-३५ दिवसांनी माजावर आली तर गाभ राहून मग गेलेला असू शकतो, कारणं बरीच असतात पण त्यात व्हायरसही आहे. आमची एक एचएफ (होल्स्टीन) गाय सहाव्या महिन्यात गाभडली तेव्हा मी घाईघाईत सगळं पुरून टाकलं, तपासायला काही उरलंच नाही, त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून नमुने घ्यायला हातमोजे आणि बर्फाचा डबा आत्ताच आणून ठेवा, उघड्या हाताने वार उचलू नका, ब्रुसेला (गाभडवणारा जीवाणू) असेल तर माणसालाही लागतो. गाभडलेल्या गर्भाचे, वारेचे नमुने जनावरांच्या दवाखान्यामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात, गाईचं रक्त मात्र तीन आठवड्यांनी परत एकदा द्या.

रक्त देताना आयबीआर आणि बीव्हीडी, हे गाभ घालवणारे दोन व्हायरसचे रोग, दोन्ही तपासायला सांगा. आयबीआर पॉझिटिव्ह आली म्हणून गाय लगेच विकू नका, हा व्हायरस मज्जातंतूत जन्मभर दडून बसतो आणि लांबचा प्रवास, विण्याचा ताण नाहीतर स्टेरॉईडचं इंजेक्शन झालं की परत उठतो, तेव्हा तापाला उठसूट स्टेरॉईड नको. बीव्हीडीचं वेगळंय. गाभाच्या साधारण ४० ते १२० दिवसांत गाईला लागण झाली तर होणारं वासरू जन्मभर व्हायरस सोडत राहतं, कधीकधी दिसायला एकदम धडधाकट, कानाच्या छोट्या तुकड्यावरून ते सापडतं. असं वासरू गोठ्यात ठेवायचं नाही आणि दुसऱ्याच्या गळ्यातही मारायचं नाही.

लाळ्या-खुरकूत, लम्पीच्या लसी भरवायच्या महिनाभर आधी उरका. २०२२ च्या लम्पीत तापाने किती गाईंचा माज लांबला ते आपण बघितलंय, आणि प्रयोगात लागण झालेल्या वळूच्या वीर्यात ४२ दिवसांपर्यंत जिवंत व्हायरस सापडलाय, म्हणजे गावचा वळू नकोच.

सिमेन सरकारी तपासणीत ए किंवा बी ग्रेड मिळालेल्या सिमेन स्टेशनचंच घ्या, कारण नायट्रोजनच्या उणे १९६ अंशात व्हायरस मरत नाही, उलट टिकतो. प्रत्येक गाईला नवीन शीथ (सिमेनच्या नळीवरचं प्लास्टिकचं आवरण), नवीन ग्लोव्ह, यात लाजायचं नाही, मागून घ्या. योनीत बारीक पांढरे फोड दिसले तर तो माज सोडून द्या.

आयव्हीएफ करणार असाल तर डोनर (जिचं बीज घेतात ती) आणि रिसिपियंट (जिच्या पोटात भ्रूण ठेवतात ती) दोन्हींचे रिपोर्ट हातात पाहिजेत, आणि भ्रूण ट्रिप्सिन नावाच्या एन्झाईमने धुतलेत का ते लॅबवाल्यांना स्पष्ट विचारा, आयबीआरचा व्हायरस भ्रूणाच्या कवचाला चिकटून राहतो, साध्या धुण्याने जात नाही. रिसिपियंट बाजारातून आणली असेल तर रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या दावणीला बांधा, बादलीसुद्धा वेगळी.