अर्व्हिंग पेनच्या पद्धतीने कोल्हापुरात पोर्ट्रेट: एक खिडकी, एक पडदा

अर्व्हिंग पेन (1917–2009) हा ‘व्होग’ या फॅशन मासिकाचा फोटोग्राफर. 1950 साली पॅरिसच्या उंची कपड्यांचे फोटो काढताना त्याने वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत फक्त दिवसाचा उजेड घेतला आणि मागे एका नाट्यगृहाचा जुना पडदा टांगला. त्याच जागेत, त्याच पडद्यासमोर त्याने खाटीक, वेटर असे कामकरी लोकही उभे केले. मॉडेलला आणि खाटकाला सारखाच उजेड, सारखाच मान. हे करायला महागडी यंत्रणा लागत नाही. कोल्हापुरात तर पडदा रंगवण्याची परंपराच आहे. बाबूराव आणि आनंदराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते.

खोली. उत्तरेकडे उघडणारी किमान 4 बाय 5 फुटांची खिडकी किंवा मोठं दार हवं. जुन्या वाड्याची माडी उत्तम, गोडाऊनही चालतं. पण ‘उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही’ हे युरोपातल्या पुस्तकातलं वाक्य इथे जसंच्या तसं लागू नाही. आपण साधारण 16.7 अक्षांशावर आहोत. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो आणि मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी त्या खिडकीतूनही थेट ऊन आत येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. छज्जा असेल तर तो ऊन अडवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन हा काळ सर्वांत बिनघोर. इतर वेळी ऊन आलंच, तर खिडकीला पांढरं मलमल एकपदरी लावा.

खोलीतल्या ट्यूबलाइट बंद ठेवा. भिंत हिरवी किंवा निळी असेल, तर सावलीकडचा गाल त्याच रंगाचा दिसतो. त्या बाजूला काळं कापड टांगलं की रंग जातो आणि चेहऱ्याला खोलीही येते.

पडदा. 72 इंच पन्ह्याचा जाड मांजरपाट 9 मीटर घ्या आणि आधी धुऊन वाळवा, नाहीतर रंगवल्यावर आक्रसतो. 9 फुटांच्या तीन पट्ट्या एकाखाली एक जोडा, म्हणजे शिवण आडवी येते आणि कापडाच्या वजनाने ताणून सपाट राहते. शिवण उभी केली तर ती माणसामागे रेघेसारखी दिसत राहते. तयार पडदा साधारण 9 बाय 17 फूट होतो: वर 9 फूट, उरलेला जमिनीवर. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे घडी न पाडता गोल वळण द्या.

रंग मॅट इमल्शनच घ्या. ऑइल पेंट चमकतो आणि कापड कडक होऊन तडकतं. पूर्वीसारखा सरसात कालवलेला पावडरीचा रंग दिसतो सुंदर, पण आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. सुमारे 4 लिटर पांढऱ्या इमल्शनमध्ये काळा स्टेनर (छटा देण्यासाठी मिसळायचा गडद रंग) थोडा थोडा मिसळत मध्यम राखाडी करा आणि शेवटी अगदी थोडा तपकिरी घाला; नुसता काळा-पांढरा राखाडी निळसर वाटतो. इमल्शन वाळल्यावर गडद होतं, म्हणून आधी चिंधीवर लावून वाळवून बघा. पहिल्या हाताला निम्मं पाणी. दुसरा हात दोन छटांत, स्पंज किंवा जुन्या गोणपाटाने थोपटत, पहिला ओलसर असतानाच. उन्हात गच्चीवर रंगवला तर प्रत्येक थापेची कड उमटते, तेव्हा सावलीतच पसरा. डाग जितके मोठे आणि पुसट, तितका पडदा मागे सरकतो. लहान डाग ठिपक्यांसारखे दिसून लक्ष वेधतात.

उभं करणं. माणूस खिडकीपासून 4–5 फुटांवर, पडद्याच्या 5 फूट पुढे. खिडकी त्याच्या बाजूला पण किंचित पुढे हवी. अगदी काटकोनात आली तर दुसरा डोळा काळोखात जातो. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवा. पेनने कामकरी लोकांच्या त्या मालिकेसाठी रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरला. त्यात वरून खाली बघावं लागतं, म्हणून भिंग आपोआप खाली येतं आणि समोरचा माणूस उंच, ठाम दिसतो. डोळ्याच्या उंचीवरून पूर्ण उभा फोटो काढला, तर पाय आखूड होतात. फुल फ्रेमवर 50 मिमी भिंग, अंतर 11–12 फूट. ट्रायपॉड, आयएसओ (संवेदनशीलता) 400, भिंगाचं छिद्र एफ 5.6, वेग 1/60 सेकंद, इथपासून सुरुवात करा.

पांढरी टोपी आणि धोतर असेल, तर कॅमेरा फसून चेहरा काळवंडतो. उजेडाचं मोजमाप गालावरून घ्या आणि टोपीचा उजेडाकडचा भाग जळतोय का, म्हणजे नुसता पांढराफटक होतोय का, ते बघा. जळत असेल तर मलमलाचा आणखी एक पदर लावा. सावळ्या त्वचेवर पावडर लावू नका. पैलवानाच्या खांद्यावरची तेलाची आणि घामाची चकाकीच स्नायूचा आकार दाखवते.

कामाच्या कपड्यांत. इथे सगळ्यांचं चुकतं. पेनचाही अनुभव असा, की हीच मालिका पुढे न्यूयॉर्कमध्ये करताना काही कामकरी सांगूनही दाढी करून, ठेवणीतला सूट घालून हजर झाले. आपल्याकडेही चप्पल शिवणारे मामा इस्त्रीचा शर्ट घालून येणार. म्हणून बोलावतानाच नीट सांगा: “मामा, कामावरनं उठून हाय तसंच या. रापी, आरी आणि अर्धवट विणलेली चामड्याची वेणी बी घेऊन या.” हत्यार रोज जसं धरतात तसं धरू द्या, काम करायला लावू नका. रापीची मूठ जिथे तळव्यात बसते तिथला घट्टा फोटोत दिसला पाहिजे, म्हणून तो हात उजेडाच्या बाजूला ठेवा. पेन पैसे देऊन बसवायचा. तुम्हीही बुडालेली हजेरी द्या. फोटो कुठे वापरणार ते मराठीत लिहून आधीच सही घ्या.

लाजणाऱ्या माणसासाठी पेनची 1948 ची युक्ती अजून चालते: दोन उंच फळ्या अरुंद कोनात उभ्या करून त्या सांदीत माणूस उभा करायचा. कोणी टेकतो, कोणी अंग चोरतो, पण हातांचं काय करायचं हा प्रश्न सुटतो. लाकडी चौकटीवर 6 मिमी प्लाय मारून 8 बाय 4 फुटांचे दोन फ्लॅट करा, कोन साधारण 60 अंश ठेवा आणि मागे वाळूच्या पिशव्या टाका. कोन फार आवळला तर खिडकीचा उजेड आत पोचत नाही.

काम संपल्यावर पडदा घडी घालून ठेवू नका, घडीची रेघ जात नाही. 4 इंची पीव्हीसी पाइपवर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वरून जुनी साडी बांधा. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. पाऊस उघडला की दिवसभर टांगून वारा लागू द्या.